भागूबाईंचा खरा फोटो

अनुपम कर्णिकच्या कॉम्प्युटरला एखादा फोटो उघडायला सांगितला की तो आधी बराच वेळ विचार करी. मग त्याच्या पोटातला पंखा घरघरू लागे, स्क्रीनवर गोल चक्र फिरे, आणि तेवढ्यात अनुपम स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकून, गाळून, पिऊन परत येई. तोवर नवरीचं कपाळ दिसायला लागलेलं असे. नाकापर्यंत पोचायला आणखी एक कप लागे.

"नवीन घे आता," ऋजुता म्हणाली. अनुपमची बायको शाळेत गणित शिकवायची आणि घरातही थोडक्यात बोलायची. "तुझी ॲसिडिटी त्या कॉम्प्युटरमुळे आहे."

"घ्यायचाच आहे. पण नीट बघून घ्यायला हवा."

हे नीट बघणं दिवाळीपासून चाललं होतं. फोटोच्या कामासाठी कुठला कॉम्प्युटर चांगला, यावरचे इतके व्हिडिओ अनुपमने पाहिले होते की जेवताना तो रॅमबद्दल बोले आणि अंथरुणावर पडल्यावर ग्राफिक कार्डाबद्दल. स्क्रीनवर दिसणारा लाल आणि कागदावर छापून येणारा लाल एकच असला पाहिजे, हे तो मेथी निवडत बसलेल्या ऋजुताला समजावून सांगे.

"शालू लाल दिसला म्हणजे झालं की," ती म्हणे.

"तसं नसतं गं."

कसं असतं ते तो सांगायला लागला की ती कुकर लावायला उठे.

कर्जतच्या बाजारपेठेतला कर्णिकांचा स्टुडिओ अनुपमच्या वडलांपासूनचा. पंचक्रोशीत त्याचं नाव होतं, आणि ते एकाच गोष्टीसाठी. नेरळकडे नव्या इमारती झाल्या तसे नवे स्टुडिओ आले, आणि तिथे नवरानवरीला पिठात घोळवून काढल्यासारखे गोरे करून देऊ लागले. त्या अल्बमांकडे बघून अनुपम नाक मुरडायचा. "आम्ही चेहऱ्याला हात लावत नाही," असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. "जसा माणूस तसा फोटो." कशेळ्याकडची, खालापूरकडची माणसं केवळ त्या शब्दावर वाट वाकडी करून त्याच्याकडे यायची.

आणि ते धादांत खोटं होतं.

सुरुवात एका पुटकुळीपासून झाली. ऐन हळदीच्या दिवशी कुणा नवरीच्या हनुवटीवर उगवलेली. ती काढली तर कुणाचं काय बिघडलं? पुढच्या लग्नात कुणाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. त्यापुढच्यात वरबापाचं पोट थोडं आत गेलं. अनुपमचा हात इतका हलका होता की कुणाला काही कळायचं नाही. लोक अल्बम चाळताना हरखून जायचे, आणि अनुपम मान खाली घालून म्हणायचा, "मी काय केलं? बटण दाबलं. मुळात चेहराच चांगला आहे." लोकांना ते चटकन पटे. आपला चेहरा मुळात चांगला आहे, या बातमीचा पुरावा कुणी मागत नाही.

हे एकट्या ऋजुताला माहीत होतं. "करतोस ते कर," ती म्हणायची, "पण मग हात लावत नाही असं कशाला सांगतोस?"

"लावलेला दिसत नाही ना?"

"न दिसणं वेगळं आणि नसणं वेगळं."

गणिताच्या बाईंशी वाद घालण्यात अर्थ नाही, असं म्हणून अनुपम विषय बदलायचा.

शेवटी एका शनिवारी दोघं जितेशच्या दुकानात गेली. जितेश मूळचा खालापूरकडच्या एका गावचा. घरची भातशेती भावावर टाकून त्याने कर्जतला कॉम्प्युटरचं दुकान काढलं होतं. दुकान रस्त्यालगत, आणि समोरच कशेळ्याकडे जाणाऱ्या जिपांचा स्टँड. जीप भरेपर्यंत माणसं तिथे ताटकळत उभी असायची.

"सर, हे बगा," जितेश शोकेसकडे बोट करून म्हणाला. काचेच्या आत एक कॉम्प्युटर ठेवला होता. त्याच्या पोटातून लाल, हिरवे, जांभळे दिवे फिरत होते, आणि शोकेसला कुलूप होतं. त्याच्या वायरी मागून निघून टेबलावरच्या स्क्रीनला, माऊसला जोडलेल्या होत्या.

"हा गेम खेळणाऱ्या मुलांचा," अनुपम म्हणाला. "माझं काम नाजूक असतं."

"त्या पोरांला लागतं तेच तुमाला लागतं. तुमी चालवून तर बगा. फोटो आनलाय?"

फोटो आणलेला होताच. अनुपमने मुद्दाम सगळ्यात जड फोटो पेनड्राइव्हवर घेतला होता. कशेळ्यापलीकडच्या पोपट शेतकऱ्याच्या मुलीचं, रियाचं, गेल्या वर्षी लग्न झालं, त्यातला. मांडवात बसलेल्या नवरीच्या आईचा, भागूबाईंचा. या फोटोने जुन्या कॉम्प्युटरवर अनुपमला अक्षरशः रडवलं होतं. तेच काम इथे पहिल्यापासून करून बघायचं, म्हणजे या मशीनचा दम कळेल, असा त्याचा बेत होता.

"तुला कंटाळा येईल," तो ऋजुताला म्हणाला. "तू भाजी घेऊन ये."

ऋजुता पिशवी आणि उन्हाची छत्री घेऊन निघाली. जितेशने शोकेस उघडून पेनड्राइव्ह लावला, परत कुलूप घातलं, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुठल्याशा शाळेत प्रिंटर पोचवायचा राहिला होता. "सर, दोन मिन्टात आलो. बसा निवांत. कोन आलं तर बसवून ठेवा." असं म्हणून प्रिंटरचा खोका आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन तो मोटरसायकलवर बसून गेला.

अनुपम रस्त्याकडे पाठ करून बसला आणि त्याने भागूबाईंचा फोटो उघडला. उघडला म्हणजे काय, बोट उचलायच्या आत तो समोर हजर झाला. अनुपमच्या अंगावर काटा आला.

तो न सजवलेला, मूळचा फोटो होता. शेतात उन्हाने रापलेला चेहरा, डोळ्यांच्या कडेला पसरलेल्या सुरकुत्या, खाली ओघळलेले गाल, हनुवटीवर चामखीळ, ओठांतून जरासा डोकावणारा एक दात. अंगावर जांभळा शालू, डोक्यावर पदर आणि मांडीवरच्या हातात पिवळ्या कव्हरचा मोबाईल. अनुपमने उजव्या डोळ्याजवळच्या सुरकुत्यांवरून माऊस फिरवला. त्या गेल्या. चहा नाही, चक्र नाही, घरघर नाही. त्याने त्या परत आणल्या. आल्या. पुन्हा घालवल्या. लहान मुलाने दिव्याचं बटण चालू-बंद करावं तसा त्याचा खेळ सुरू झाला.

बाहेर कुणीतरी हसलं. मग आणखी काही जण हसले.

अनुपमने उजवा गाल वर उचलला. चामखीळ पुसली.

"गेली बग," बाहेरून आवाज आला.

स्टँडवर मोबाईलवर मॅच बघत असतील, विकेट गेली असेल, असं त्याला वाटलं. त्याने चामखीळ परत आणली.

"अरं, परत आनली."

मॅचमध्ये गेलेली विकेट परत येते का, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला, पण हात थांबेना. तेवढ्यात ऋजुताचा फोन आला. त्याने कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला. भागूबाईंचा उजवा डोळा तो किंचित मोठा करत होता आणि अशा वेळी टोमॅटो घ्यायचे की नाही हे विचारणाऱ्या बायकोशी बोलायची त्याची तयारी नव्हती.

"अनुपम." ऋजुता दारात उभी होती. तिच्या पिशवीत काहीच नव्हतं. "काय करतोयस?"

"अगं, ये, बघ. काय वेग आहे याचा. हा गाल बघ नुसता."

"मी बाहेरून बघितला. सगळा जीपस्टँड बघतोय."

जितेशने रस्त्याकडच्या काचेत एक भलामोठा टीव्ही लावून ठेवला होता. अनुपमला आतून त्याची फक्त काळी पाठ दिसत होती, आणि तो विकायला ठेवलेला असेल असं तो धरून चालला होता. टेबलावरच्या स्क्रीनवर जे दिसे, तेच त्या टीव्हीवर रस्त्याला दिसे. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी थांबून बघावं म्हणून जितेशने केलेली ती सोय होती, आणि आज ती फळाला आली होती.

अनुपम दारात आला. टीव्हीवर दरवाजाएवढ्या भागूबाई होत्या. त्यांची डावी बाजू साठीची होती आणि उजवी तिशीची. समोर जिपांमधून माणसं उतरून उभी होती. कुणाच्या हातात वडापाव होता, कुणाच्या हातात मोबाईल, आणि तो टीव्हीवर रोखलेला होता. अनुपमला बघून सगळे गप्प झाले. हसत होते तेव्हा बरं होतं असं त्याला वाटलं.

"आमच्या पोपटची भागूबाय ना ही?" एक म्हातारा शेजारी उभ्या बाईला म्हणाला.

"तीच की. आन् हे कर्णिक. हे हात लावत नाय म्हनं चेहऱ्याला."

ते ती बाई टोचून बोलली नव्हती. जे ऐकलं होतं ते तिने सांगितलं, इतकंच. अनुपमचे कान तापले. तो धावत आत आला आणि हाताला लागली ती वायर त्याने खेचली. समोरची स्क्रीन काळी झाली. त्याने श्वास सोडला.

"हाय, हाय. अजून हाय," बाहेरून आवाज आला.

वायर नुसती टेबलावरच्या स्क्रीनची होती. ती परत खोचायला तो वाकला, तर ती टेबलाच्या फटीतून घसरून थेट शोकेसच्या मागे जाऊन पडली. कॉम्प्युटर बंद करायचं बटण शोकेसमध्ये होतं, त्याचा आणि टीव्हीचा प्लगही शोकेसमध्ये होता आणि शोकेसची किल्ली जितेशबरोबर शाळेत गेली होती. अनुपमने आंधळेपणाने माऊस धरला आणि अंदाजाने फोटो बंद करायला गेला.

"नाक," बाहेरून कुणी म्हणालं. "नाक फुगलं."

त्याने माऊस दुसरीकडे नेला.

"आता लईच फुगलं."

"माऊसला हात लावू नकोस," ऋजुता म्हणाली. तिने पिशवी टेबलावर ठेवली, बाहेर गेली, छत्री उघडली आणि ती टीव्हीसमोर धरून काचेला पाठ लावून उभी राहिली.

"वैनी, छत्री जरा बाजूला घ्या ना," मागचा एक जण अदबीने म्हणाला.

"संपलं," ऋजुता म्हणाली.

अनुपम आत खुर्चीवर बसला होता तेव्हा त्याचा फोन वाजला. कुणीतरी केलेलं चित्रीकरण एव्हाना कशेळ्याच्या पुढे पोचलं होतं.

"दादा, पोपट बोलतोय." आवाज नेहमीसारखाच शांत होता. "तुमी आमच्या मंडळीचं नाक का वाडवताय?"

"काका, ते चुकून झालं. मी मशीन बघत होतो."

"बरं. आन् आमच्या भिंतीवर लावलाय तो फोटो, तो पन असाच केलावता?"

अनुपमला पुष्कळ उत्तरं सुचली. त्यातलं एकही खरं नव्हतं.

"हो," तो म्हणाला.

"बरं," पोपट म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

जितेश आला तेव्हा ऋजुताचे हात भरून आले होते. त्याने शोकेस उघडून कॉम्प्युटर बंद केला, गर्दीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "सर, दुकान काडल्यापासनं येवडी मान्सं नाय आली कंदी. मग, हेच मशीन पॅक करू?"

अनुपम बाहेर पडला. जीपस्टँड टाळून तो मागच्या गल्लीने घरी गेला, आणि पुढचे कित्येक दिवस मागच्या गल्लीनेच जात-येत राहिला.

पण लोक समोरच्या दाराने येत होते. बँकेतल्या सुरेखाताई आपला अल्बम घेऊन आल्या आणि काउंटरवर उघडून बसल्या. "यात काय काय केलंत ते सांगा. मी रागावणार नाही."

"दंड," अनुपम पुटपुटला. "आणि हनुवटी."

"दात?"

"दात तुमचेच आहेत."

"नक्की?"

"नक्की."

त्या अल्बम मिटून गेल्या. रागावल्या नाहीत, पण नेहमी निघताना ऋजुताची चौकशी करायच्या, ती त्यांनी केली नाही. मग खालापूरहून कुणा गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या मुलीला स्थळ सांगून आलं होतं, आणि मुलाचा फोटो कर्णिकांकडे काढलेला होता म्हणून त्यांनी निर्धास्तपणे बोलणी पुढे नेली होती.

"फोटोत दिसतात ते केस मुलाचे आहेत का?" त्यांनी विचारलं.

"काही आहेत," अनुपम म्हणाला.

त्या दिवशी त्याने स्टुडिओचं शटर अर्धं खाली ओढलं आणि आत बसून राहिला. लोकांचं हसणं तो विसरू शकला असता. विसरता येत नव्हता तो पोपटचा 'बरं', आणि त्याहून जुनी एक गोष्ट. लग्नानंतर अल्बम आणि मोठा फोटो घ्यायला भागूबाई स्वतः आल्या होत्या. फोटोसमोर बराच वेळ उभं राहून त्यांनी विचारलं होतं, "दादा, मी अशी हाय व्हय?" आणि अनुपम म्हणाला होता, "मावशी, तुम्ही मुळातच अशा आहात." त्यावर त्या लाजून हसल्या होत्या, पदर तोंडाला लावून. ते हसू आठवलं की अनुपमला जागच्या जागी विरघळून जावंसं वाटे.

"तू जाऊन ये त्यांच्याकडे," ऋजुता म्हणाली.

"काय तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच. तुझं कुणी बदललेलं नाही."

त्याने जुना कॉम्प्युटर सुरू केला, भागूबाईंचा मूळचा फोटो उघडायला सांगितला आणि या खेपेला चहाला न उठता समोर बसून राहिला. एकाही सुरकुतीला हात न लावता त्याने तो मोठा छापला, फ्रेम केला, वर्तमानपत्रात गुंडाळला. रविवारी सकाळी दोघं स्कूटरवरून निघाली. ऋजुता मागे फ्रेम धरून बसली होती.

पोपटचं घर गावाच्या टोकाला होतं. अनुपम ओटीवर चढला आणि त्याची नजर आधी भिंतीकडे गेली. तिथे नुसता खिळा होता. खिळ्याखाली फोटोएवढा भाग बाकीच्या भिंतीपेक्षा स्वच्छ दिसत होता. काढून टाकलाच शेवटी. जाळलाही असेल.

पोपटने पाणी दिलं. भागूबाई हात पुसत बाहेर आल्या आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

"मावशी," अनुपम उभा राहिला. वाटेत त्याने पुष्कळ वाक्यं जुळवली होती, ती सगळी वाटेतच राहिली. "चुकलं माझं. मी खोटं बोललो तुमच्याशी. हा खरा फोटो आणलाय. याला मी अजिबात हात लावलेला नाही."

त्याने वर्तमानपत्र काढलं आणि फ्रेम त्यांच्यापुढे धरली.

भागूबाई बघत राहिल्या. मग त्यांचे डोळे भरून आले, आणि अनुपमला वाटलं, आपण आलो नसतो तर बरं झालं असतं. बाईला एकदा चारचौघांत हसं केलं, आता घरी येऊन रडवलं.

"अवं, हिकडं या," त्यांनी पोपटला हाक मारली. "ही कोन बगा."

पोपट जवळ आला, वाकला, मागे झाला, पुन्हा वाकला. "ही तर म्हातारी," तो हळूच म्हणाला.

"आय हाय माजी," भागूबाई म्हणाल्या.

अनुपमने ऋजुताकडे पाहिलं. तिलाही काही कळलं नव्हतं.

"तिचा फोटो कंदी निघालाच नाय," भागूबाई खाली बसत म्हणाल्या. फ्रेम त्यांनी मांडीवर घेतली होती. "भाऊ म्हनायचा, काडू, काडू. तवर ती गेली. मी रोज आटवायला बगते, तर नुसतं लुगडं आटवतं, तोंड नाय आटवत. आन् आज बगा. हे गाल तिचं, ही चामखीळ तिची. दात पन."

"तू आरशात बगतेस की रोज," पोपट म्हणाला.

"मी कुकवापुरतं बगते. तोंड कोन बगतंय." त्यांनी फोटोवरून पदर फिरवला. मग अनुपमकडे वळून अगदी कामाच्या आवाजात म्हणाल्या, "दादा, ह्यो मोबाईल काड हातातला."

"काय?"

"आयकडं कुटला मोबाईल? आन् ह्यो जांबळा शालू नको, ती साधं लुगडं नेसायची. काळापांडरा कर, म्हंजे रंगाचा प्रश्नच नाय. मागं मांडव हाय, तो जाऊ दे. भिंत असली तरी चालंल."

"मावशी," अनुपम कसाबसा म्हणाला, "हा मी खरा म्हणून आणला."

"खराच हाय रं. फकस्त आय हाय."

ऋजुता जमिनीकडे बघत होती. तिचे खांदे हलत होते.

"आणि तो आधीचा?" अनुपमने खिळ्याकडे बघून विचारलं. "तो टाकलात ना?"

"टाकंन कशाला? रिया घेऊन गेली. म्हनली, आये, ह्यात तू माज्यावानी दिसतेस. मी सासरी लावते." त्यांनी फ्रेम खाली ठेवली. "तुमी मला सांगितलं असतं तरी मी तो घेतलाच असता. तुमी सांगितलं नाय, तेवडं वाईट वाटलं."

त्या अहो-जाहोवर आल्या तेव्हाच अनुपमला कळलं की त्यांना खरंच लागलं होतं. मान हलवून त्याने फ्रेम उचलली.

सोमवारी तो पुढच्या रस्त्याने, जीपस्टँडवरून चालत जितेशच्या दुकानात गेला. "ते दिव्यांचं मशीन द्या," तो म्हणाला.

"रॅम, ग्राफिक कार्ड सांगू का परत?"

"नको. तेच द्या."

मोबाईल काढणं सोपं होतं. कठीण होतं ते त्या जागी रिकामा हात बसवणं. शालूचं लुगडं झालं, मांडवाची भिंत झाली. कागदाला पिवळसरपणा आला, एका कोपऱ्याला वाळवीने खाल्ल्याचा डाग आला. चेहऱ्याला मात्र अनुपमने हात लावला नाही. ऋजुता शेजारी खुर्ची ओढून बसली होती. "डाग जरा कमी कर," ती म्हणाली, "खोटा वाटतोय."

रियाच्या ओटीभरणाला भागूबाईंनी कर्णिकांना फोटो काढायला बोलावलं. आईचा फोटो भिंतीवर होता, त्याला झेंडूचा हार होता. भागूबाईंचे थोरले भाऊ, हरीमामा, माहेरची माणसं घेऊन दुपारी आले. उंबऱ्यातच त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुढे जाऊन हात जोडले, आणि पुष्कळ वेळ तसेच उभे राहिले. फोटोतल्या चेहऱ्याची बाई त्यांच्या शेजारीच पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, पण पाणी आणून देणाऱ्या बहिणीकडे इतकं निरखून कोण बघतो.

मग ते वळले. डोळे लाल झाले होते. "भागे, हा तुज्याकडं कवापासनं हाय?"

भागूबाईंनी तांब्या पुढे केला.

"येवडी वर्सं आमी भाऊ आयचं तोंड आटवत बसलोय, आन् तू फोटो घरात दडवून बसलीस? सख्खी बहीन ना तू आमची?"

माजघरातल्या बायका बोलायच्या थांबल्या. पोपट छपराकडे बघू लागला. भागूबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि अनुपमकडे पाहिलं.

अनुपमने कॅमेरा खाली घेतला. "मामा, त्यांच्याकडे नव्हता तो," तो म्हणाला. "आमच्या स्टुडिओत पडून होता. माझ्या वडलांनी काढलेला. द्यायचा राहून गेला. चूक आमची आहे."

हरीमामांनी आपला मोर्चा त्याच्याकडे वळवला. मग जे सुरू झालं ते पंगतीची पानं मांडून होईपर्यंत चाललं. माणसाची आई म्हणजे काय, फोटोवाल्याची जबाबदारी म्हणजे काय, कर्णिकांचं नाव ते काय ऐकून होते आणि आज काय निघालं, सगळं झालं. पाहुण्यांत जीपस्टँडवरचेही काही चेहरे होते. अनुपम सगळ्यांच्या मधोमध मान खाली घालून उभा होता. कान तापले होते, पण या खेपेला त्याला पळून जावंसं वाटलं नाही. न केलेल्या चुकीबद्दल बोलणी खाताना केलेल्या चुकीचं थोडंसं फिटल्यासारखं वाटत होतं.

पंगतीत हरीमामांनी त्याला आपल्या शेजारी बसवून घेतलं. राग निवला होता. "बोललो जरा जास्ती," ते म्हणाले. "पन आय हाय हो."

"नाही मामा, बरोबर बोललात."

मामांनी भाताचा घास कालवला, तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. "फोटोवाले, एक इचारू? आमच्या बाचा नाय का राहिला एकादा तुमच्याकडं? तो आयच्या बी आधी गेला. नीट बगा कपाटात."

वरण वाढत आलेल्या भागूबाईंची पळी जागीच थांबली. त्या आधी भावाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी अनुपमकडे पाहिलं.

अनुपमही मामांकडे बघत होता. जाड भुवया, लांब पाळ्यांचे कान, शेंड्याशी किंचित वाकलेलं नाक.

"मामा," तो म्हणाला, "जेवण झाल्यावर जरा अंगणात उजेडाला येऊन बसता का?"